तोक्योत मान हलवताना

जपानला येऊ घातलेल्या मराठी माणसाने भाषेचे वर्ग लावावेत हे खरेच, परंतु त्याआधी आपली मान नेमकी कशी हलते हे त्याने एकदा आरशात पाहून घ्यावे, असे माझे मत आहे. आपल्याकडे "उद्या येतोस ना?" असे विचारले की समोरचा तोंडातून अक्षर न काढता मान किंचित एका बाजूला कलवतो आणि विचारणारा निर्धास्त होतो. जपानमध्ये मात्र अशी कललेली मान शंका दाखवते. दुकानदाराला एखादी वस्तू ओळखता आली नाही किंवा वरिष्ठाला एखादा आकडा पटला नाही, की त्याची मान नेमकी याच कोनात झुकते.

याचा परिणाम तोक्यो आणि पुणे यांच्यात चालणाऱ्या ऑनलाइन बैठकांत वारंवार दिसतो. जपानी व्यवस्थापक विचारतो की काम शुक्रवारपर्यंत होईल का, आणि पडद्यावरची पुण्याची मंडळी एकदिलाने माना कलवतात. तो तोच प्रश्न शब्द बदलून पुन्हा विचारतो, माना पुन्हा कलतात, आणि अखेरीस त्याच्या टिपणात 'शुक्रवारबाबत साशंकता' अशी नोंद होते. इकडे पुण्यात मात्र 'या माणसाचा आपल्यावर विश्वासच नाही' अशी कुरकुर सुरू झालेली असते. दोन्ही बाजूंना बसून हे पाहणाऱ्याला हसावे की रडावे ते कळत नाही.

उलट दिशेचा घोटाळा याहून महाग पडतो. आपण बोलत असताना जपानी श्रोता सतत खाली-वर मान हलवतो आणि मध्ये मध्ये 'हाय', 'एए', 'नारुहोदो' असे उद्गार काढतो. याला तेथे आइझुची म्हणतात. त्यातून 'मी ऐकतो आहे, पुढे बोला' एवढेच सांगितले जाते, मान्यता दिली जात नाही. खरे तर हे आपल्याला परके वाटू नये. आजीच्या गोष्टीला नातवंडांनी द्यायचा हुंकार किंवा पोवाड्यात शाहिरामागून झीलकऱ्यांनी धरायचा 'जी जी' यांत दुसरे काय असते? तरीही कार्यालयात पाऊल टाकताच आपण हे विसरतो, आणि तासभर माना डोलावणाऱ्या ग्राहकाने आपला प्रस्ताव स्वीकारला असे समजून आनंदाने बाहेर पडतो.

प्रत्यक्ष नकार बहुधा शरीरातूनच येतो. दातांच्या फटीतून हवा आत ओढल्याचा 'स्स्स' असा आवाज होतो, मान कलते, एक हात मानेमागे जातो आणि 'चोत्तो...' (म्हणजे 'जरा...') एवढा एकच शब्द हवेत अर्धवट सोडला जातो. हे वाक्य पूर्ण होण्याची वाट पाहणारा माणूस नवखा समजावा. जेथे नाते जपण्याचा प्रश्न नसतो, तेथे मात्र हेच लोक कमालीचे स्पष्ट असतात. उपाहारगृह भरलेले असेल तर दारातला कर्मचारी दोन्ही हातांची फुली करून दाखवतो आणि विषय तेथेच संपतो.

कमरेतून वाकण्याविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. सुमारे 15 अंशांचा एशाकु येता-जाता केला जातो, 30 अंशांचा केइरेई ग्राहक व वरिष्ठांसाठी असतो आणि 45 अंशांचा साइकेइरेई गाढ आदरासाठी किंवा क्षमायाचनेसाठी राखलेला असतो. नवीन कर्मचाऱ्यांकडून हे सारे प्रशिक्षणात घटवून घेतले जाते. वारीत लहान-मोठा न पाहता परस्परांच्या पाया पडणारे वारकरी ज्याने पाहिले आहेत, त्याला येथील फरक लगेच जाणवतो, कारण येथे कोण किती वाकला यावरूनच लहान-मोठा ठरतो. फोनवर बोलतानाही लोक वाकतात. नवख्याला याचे हसू येते, पण वाकल्याने आवाजातही नम्रता उतरते असे माझे निरीक्षण आहे.

किरकोळ हावभाव आठवडाभरात अंगवळणी पडतात. 'मी?' असे विचारताना जपानी माणूस छातीकडे नव्हे, तर स्वतःच्या नाकाकडे बोट नेतो, आणि बसलेल्या लोकांसमोरून जाताना किंचित वाकून तळहात उभा धरतो, जणू हवेत वाट कापत चालला आहे.

चेहऱ्याचे प्रकरण अधिक सूक्ष्म आहे. होक्काइदो विद्यापीठाचे मासाकी युकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2007 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले, की भाव ओळखताना जपानी लोक डोळ्यांवर अधिक विसंबतात, तर अमेरिकी लोक तोंडावर. संदेशांत वापरल्या जाणाऱ्या जपानी चिन्हचेहऱ्यांत हसू डोळ्यांत काढलेले असते, ते यामुळेच. मास्क लावलेल्या गर्दीत येथील व्यवहार फारसे अडत नाहीत, यालाही हेच कारण असावे असे मला वाटते.

भारतीयांची मोठी वस्ती असलेले निशी-कासाई स्थानक तोक्योच्या भुयारी रेल्वेच्या ज्या तोझाई मार्गावर आहे, त्यावरील किबा ते मोनझेन-नाकाचो या टप्प्यात 2019 च्या सुमारास सकाळची गर्दी क्षमतेच्या 199 टक्के मोजली गेली होती. मुंबईच्या लोकलमध्ये अशा गर्दीत निदान "पुढचं उतरणार का?" एवढी तरी विचारपूस होते. येथे सारे डोळे मिटलेले किंवा फोनवर खिळलेले असतात, कारण इतक्या जवळच्या परक्या माणसाकडे पाहणे हेच अतिक्रमण मानले जाते.

त्याच स्थानकावर एक हातवारा मात्र मोठ्याने बोलून केला जातो. पांढरे हातमोजे घातलेला कर्मचारी सिग्नलकडे आणि फलाटाच्या कडेकडे बोट रोखतो आणि जे पाहिले ते उच्चारतो. याला शिसा कान्को म्हणतात, आणि हा हातवारा इतर कोणासाठी नसून त्याच्या स्वतःच्याच लक्षासाठी असतो. जपानच्या रेल्वे तांत्रिक संशोधन संस्थेने 1994 मध्ये केलेल्या प्रयोगात, साध्या कामातील चुका या पद्धतीमुळे दर शंभर कृतींमागे 2.38 वरून 0.38 वर आल्या. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेनेही 1996 पासून याचेच एक रूप स्वीकारले आहे. आमच्या इमारतीतील एक मराठी काकू तर घराबाहेर पडताना बोट रोखून "गॅस बंद, गीझर बंद, कुलूप लावलं" असे खणखणीत म्हणतात, आणि त्यामुळे काकांना अर्ध्या वाटेतून परत पाठवणे आता थांबले आहे.