तुम्ही विचारलंत म्हणून: तिरंगी बोका का नसतो?

घरी येणारा माणूस चपला काढता काढता चिंगीकडे बघतो आणि विचारतो, "बोका का हो?" मी नाही म्हणतो. "शेपूट उचलून बघितलंत का?" बघायची गरज नाही. पांढरा, काळा आणि केशरी असे तीन रंग एका अंगावर दिसले की ती मांजरीच. मग पुढचा प्रश्न ठरलेला: "असं का पण?" ज्युनिअर कॉलेजात वर्षानुवर्षं जीवशास्त्र शिकवल्यामुळे तो टाळता येत नाही, आणि चहा होईपर्यंत उत्तर संपत नाही. म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

पांढऱ्याचं आधी उरकू. रंग बनवणाऱ्या पेशी जिथे पोचल्याच नाहीत तिथे केस पांढरे. त्याचा जीन वेगळा. खरी गंमत काळ्या-केशरीची. केशरीचा जीन एक्स गुणसूत्रावर असतो. बोक्याकडे एक्स एकच, जोडीला वाय, त्यामुळे तो केशरी असतो किंवा नसतो. मांजरीकडे दोन. चिंगीला एक केशरीवाला मिळाला, एक काळ्याचा. मग दोन्ही मिसळून ती तपकिरी का नाही झाली?

कारण तिच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स बंद आहे. ब्रिटिश जनुकशास्त्रज्ञ मेरी लायन यांनी १९६१ साली हे पहिल्यांदा मांडलं. गर्भ अगदी लहान असताना प्रत्येक पेशी जणू नाणं उडवते. जो एक्स हरतो त्याच्यावरचा झिस्ट नावाचा जीन एक लांबलचक आरएनए, म्हणजे स्वतःची नक्कल, काढतो. त्यापासून प्रथिन वगैरे काही बनत नाही. तो आपल्याच गुणसूत्राला लपेटून बसतो. मग पुढचा बंदोबस्त. डीएनए ज्या हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो त्यांच्यावरच्या खुणा बदलतात, डीएनएला मिथाइल गट नावाचे छोटे रासायनिक तुकडे चिकटतात, सगळं घट्ट आवळलं जातं. जीन जागेवरच, अक्षर न अक्षर शाबूत, पण वाचणारी यंत्रणा आत शिरू शकत नाही.

निवड नशिबाची, पण एकदा झाली की कायमची. त्या पेशीची सगळी पिलावळ तोच एक्स बंद ठेवते. चिंगीच्या नसबंदीच्या वेळी डॉक्टरांनी कुशीवरचे केस भादरले होते. काळं बेट आणि त्याला चिकटलेला केशरी पट्टा, दोन्ही साफ. पुन्हा केस आले ते काळ्याच्या जागी काळे, केशरीच्या जागी केशरी, हद्दसुद्धा तीच! शिकवत होतो तेव्हा ही मांजर घरात हवी होती.

याची दुसरी बाजू टेक्सासात दिसली. २००१ च्या डिसेंबरात तिथे रेनबो नावाच्या तिरंगी मांजरीच्या पेशीपासून क्लोन जन्माला आला. नाव सीसी. डीएनए तोच, पण अंगावर केशरी केस एकही नाही. घेतलेल्या पेशीत केशरीवाला एक्स बंद होता, तो बंदच राहिला असणार.

पण केशरीचा जीन नेमका कुठला? हे २०२५ मध्ये कळलं. जपानच्या क्युशू विद्यापीठातले हिरोयुकी सासाकी आणि अमेरिकेतला स्टॅनफर्डचा एक गट, दोघांना स्वतंत्रपणे एकच गोष्ट सापडली. (सासाकींनी त्यासाठी चक्क लोकवर्गणी काढली होती. मांजरवेड्यांनी ती दिलीही.) केशरी मांजरांच्या एक्सवर डीएनएच्या सुमारे ५,१०० अक्षरांचा एक तुकडा गळालेला आहे. तो तुकडा कुठल्याच प्रथिनाची कृती सांगत नाही. पण तो नसला की एआरएचगॅप-३६ नावाचा जीन रंगाच्या पेशींत, जिथे त्याने गप्प बसायचं, तिथे जोरात चालू होतो आणि काळा रंग बनवणारे जीन मंदावतात. म्हणजे केशरीसाठी नवीन काही आलंच नाही. एक खिट्टी निसटली, एवढंच.

आता तिरंगी बोका. तो असतो, पण क्वचित. त्याच्याकडे बहुधा दोन एक्स आणि एक वाय असतो, आणि सहसा त्याला पिल्लं होत नाहीत. शेजारच्या काकूंना हे सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, "म्हणजे शेपूट उचलून बघायला हवंच की!"