त्याला खरंच कळतं का?

मी माणसांशी संवाद साधणारं सॉफ्टवेअर बनवते हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "त्याला आपलं बोलणं खरंच कळतं का हो?" तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते. माझे बरेचसे दिवस त्याला कळलं नाही तर त्याने काय करावं, हे ठरवण्यात जातात.

कळल्याचा आव आणणं फार सोपं आहे. एमआयटीतल्या संगणकशास्त्रज्ञ जोसेफ वायझेनबाउम यांनी १९६६ साली 'एलायझा', म्हणजे टाइप करून गप्पा मारायचा एक प्रोग्रॅम, जगापुढे मांडली. ती वाक्यातला एखादा शब्द हेरायची, 'माझं'चं 'तुमचं' करायची आणि तुमचंच वाक्य प्रश्न करून तुमच्याकडे परत पाठवायची. काहीच हाती लागलं नाही, की "पुढे बोला." प्रोग्रॅम घडताना पाहिलेल्या त्यांच्या सेक्रेटरीनेसुद्धा, एलायझाशी बोलताना त्यांना खोलीबाहेर जायला सांगितलं!

माझा पहिला प्रोग्रॅम भेटीची वेळ ठरवून द्यायचा. एकाने लिहिलं, "उद्या नको, परवा चालेल." प्रोग्रॅमने पहिला दिसला तो 'उद्या' उचलला आणि कळवलं, "धन्यवाद! उद्याची वेळ नक्की केली आहे." चुकीपेक्षा ते 'धन्यवाद' मला जास्त लागलं. ते दुरुस्त केलं, तर पुढे 'बरं' उभं. मी त्याला होकार धरलं होतं. पण माणसं 'बरं' म्हणतात ते कधी होकार म्हणून, कधी नुसतं ऐकलं म्हणून, तर कधी विषय संपवायला.

टेरी विनोग्राड यांचा १९६८ ते ७० दरम्यानचा 'श्रडलू' हा प्रोग्रॅम मला म्हणूनच जवळचा वाटतो. त्याचं जग म्हणजे पडद्यावरचे थोडे ठोकळे. "पिरॅमिड उचल" म्हटलं, आणि पिरॅमिड एकापेक्षा जास्त असले, तर तो सरळ म्हणायचा: कोणता पिरॅमिड म्हणताय ते कळलं नाही. एलायझाच्या सगळ्या गप्पा मी या एका वाक्यावरून ओवाळून टाकीन.

अर्थात, सतत उलट विचारणारं यंत्रही डोकं उठवतं. चुकीचं गाणं लागलं तर बदलता येतं, तिथे खुशाल अंदाज करावा. पैसे पाठवताना मात्र विचारावंच. आजच्या मोठ्या भाषा-मॉडेलांना (चॅटजीपीटीसारख्या प्रोग्रॅममागची यंत्रणा) 'उद्या नको' सहज कळतं. पण चुकतात तेव्हाही ती तितक्याच सफाईने बोलतात, त्यामुळे माझं काम काही कमी झालेलं नाही.

परवा चाचणीत कुणीतरी लिहिलं, "बरं, बघते." उत्तर आलं, "ठीक आहे. वेळ अजून नक्की केलेली नाही." मी खुर्चीतून उठून टाळ्या वाजवल्या. बाजूच्या टेबलावरच्यांना काही कळेना.