जसे आहे, जेथे आहे : आमच्या क्रेन सेवेची वाटचाल

चिपळूणहून कराडकडे निघालेला रस्ता पोफळी मागे पडली की कुंभार्ली घाट चढू लागतो. त्या चढाच्या अलीकडे आमचे आवार आहे आणि आवारात, पावसाळ्यात ताडपत्रीखाली व एरवी उघड्यावर, पिवळ्या रंगाचा एक जुना शक्तिमान ट्रक उभा असतो. घाटात उलटलेले, गटारात उतरलेले किंवा चढावर दम तोडून रस्ता अडवून बसलेले वाहन बाजूला काढून देणे हा आमचा व्यवसाय. आज आमच्याकडे तीन क्रेन व सात माणसे आहेत. परंतु सुरुवात झाली ती लष्कराने निकाली काढलेल्या त्या एका ट्रकपासून, आणि तो विकत घेण्यात व उभा करण्यात आम्ही जे शिकलो त्यावरच पुढची सर्व कामे चालली.

माझे वडील, ज्यांना घरचे आणि गावचेही आबा म्हणतात, लष्कराच्या ईएमई (इलेक्ट्रॉनिक्स व मेकॅनिकल इंजिनिअर्स) दलात वाहनदुरुस्तीच्या कामावर होते. 1994 साली ते हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि गावी येऊन त्यांनी रस्त्याला लागून लहानसे गॅरेज टाकले. वाहन अडकले की ते ओढून काढण्याला लष्करात ‘रिकव्हरी’ म्हणतात आणि आमच्या रस्त्यावर ‘टोचन’ म्हणतात. आबांच्या मते या दोन शब्दांत पुष्कळ अंतर होते. टोचन म्हणजे साखळी बांधून ओढणे, तर रिकव्हरी म्हणजे आधी खाली उतरून वाहन कशात अडकले आहे, माल कोणत्या बाजूला सरकला आहे आणि ओढल्यावर ते कुठे जाईल हे पाहणे व त्यानंतर साखळीला हात लावणे. त्या काळी घाटात ट्रक उलटला तर क्रेन चिपळूणहून किंवा कराडहून येईपर्यंत अर्धा दिवस जाई. ही अडचण आबा रोज पाहत होते, आणि नवीन क्रेन घेण्याइतके भांडवल घरात नव्हते.

शक्तिमान त्यांच्या हाताखालून गेलेला होता. जर्मनीतील एम.ए.एन. कंपनीच्या परवान्याने हा ट्रक 1959 पासून जबलपूरच्या आयुधनिर्माणीत तयार होऊ लागला, 1996 साली त्याचे उत्पादन थांबले आणि पुढे त्याची जागा अशोक लेलँडच्या स्टॅलियन ट्रकने घेतली. पुढची व मागची अशी चारही चाके ओढणारा, पुढे नाक काढलेल्या बॉनेटचा, चालवायला जड आणि दुरुस्तीला सोपा असा हा तीन टनी ट्रक. 2000 नंतर लष्कर ते मोठ्या संख्येने निकाली काढत होते, त्यामुळे किंमत आमच्या आवाक्यात होती.

लिलाव पुण्याजवळच्या एका लष्करी डेपोत 2002 साली झाला. आता असे बहुतेक लिलाव एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या संकेतस्थळावरून होतात. तेव्हा आवारातच तोंडी बोली लागे. अनामत रक्कम भरून आम्ही आदल्या दिवशी पाहणीला गेलो. मी त्या वेळी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि कागद वाचण्यासाठी मला बरोबर नेले होते, हे पुढे फार उपयोगी पडले. पाहणीत इंजिन सुरू करून दाखवत नाहीत. जे दिसते त्यावरच ठरवायचे. आबांनी एकेका ट्रकखाली झोपून चेसीचे रिवेट पाहिले, प्रोपेलर शाफ्ट हाताने हलवून जॉइंट क्रॉसचा खेळ मोजला, ऑइलची कांडी काढून तेल बोटांवर चोळले आणि सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवून काजळी कोरडी आहे की तेलकट ते पाहिले. टायरांकडे त्यांनी ढुंकूनही पाहिले नाही. टायर चांगले दिसले की खरेदीदार फसतो, असे त्यांचे म्हणणे होते.

मी मात्र यादी वाचत होते. त्या यादीत काही वाहने केवळ भंगार म्हणून विक्रीस होती. ती सुस्थितीत दिसली तरी त्यांची नोंदणी होऊ शकत नाही. आबांनी पसंत केलेला पहिला ट्रक नेमका त्यातला निघाला. लष्करी वाहनाला खासगी मालकाच्या नावावर रस्त्यावर आणायचे तर केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार संबंधित अधिकाऱ्याने दिलेले नमुना 21 मधील मूळ विक्री प्रमाणपत्र लागते, आणि ते मिळणार आहे की नाही हे बोली लावण्यापूर्वी पक्के करावे लागते. आमच्याकडे आजही कोणी सल्ला विचारायला आले तर मी इंजिनाबद्दल काही बोलत नाही, आधी हा कागद विचारते.

लॉट तीन वाहनांचा होता आणि सुटे वाहन मिळत नव्हते. म्हणून कुर्ल्याच्या दोन भंगार व्यापाऱ्यांशी आबांनी जागेवरच बोलणी केली : दोन ट्रक त्यांनी तोडायला न्यावेत, एक आम्ही ठेवावा, आणि तोडायच्या ट्रकांतील एक गिअरबॉक्स व एक पुढचा अ‍ॅक्सल वजनाच्या भावाने आम्हाला द्यावा. आमच्या वाट्याला ट्रक 1 लाख 12 हजारांना पडला, कर वेगळा. अटींच्या कागदावर ‘जसे आहे, जेथे आहे’ असे छापलेले होते. त्याचा अर्थ डेपोच्या फाटकाबाहेर पडल्यावर कळला. बॅटऱ्या नव्हत्या, 24 व्होल्टची वायरिंग उंदरांनी खाल्ली होती, आणि ट्रक दुसऱ्या ट्रकच्या मागे बांधून ताम्हिणी टाळून, कात्रज-साताऱ्यावरून कराडमार्गे आणावा लागला. कुंभार्ली उतरताना स्टिअरिंगवर आबा होते आणि ब्रेक नावापुरता होता. असा प्रवास मी आज आमच्या कोणत्याही चालकाला करू देणार नाही.

नोंदणीसाठी पाच महिने लागले. लष्कराच्या कार्यशाळेत मोठी दुरुस्ती होते तेव्हा इंजिन काढून दुसरे ओव्हरहॉल केलेले बसवतात. त्यामुळे आमच्या ट्रकच्या कागदावरचा इंजिन क्रमांक आणि प्रत्यक्ष इंजिनावर ठोकलेला क्रमांक जुळत नव्हता. नोंदणी कार्यालयाने अर्ज परत केला आणि त्यांचे बरोबरच होते. डेपोशी पत्रव्यवहार करून दुरुस्त प्रमाणपत्र आणणे, क्रेनची बॉडी बसवल्यावर ती नोंदणी पुस्तकात लिहून घेणे, विमा कंपनीला हे वाहन नेमके काय आहे ते पटवणे, ही सर्व कामे माझ्याकडे आली आणि माझे व्यवसायातील स्थान तेथूनच ठरले.

दरम्यान गॅरेजमध्ये ट्रक पूर्ण सुटा करून मांडला होता. केबिन घासताना रंगाचे थर निघत गेले. वर गवती हिरवा, त्याखाली वाळवंटी पिवळसर, त्याखाली पुन्हा हिरवा. म्हणजे हा ट्रक कधी तरी राजस्थानात राहून आला होता. नंबरपट्टीच्या जागी ऊर्ध्व बाण आणि त्यापुढचे 84 हे वर्षाचे आकडे पुसूनही अंधुक दिसत होते. मडगार्डवर टायरमध्ये हवा किती भरायची ते लिहिलेले होते आणि मागच्या डिफरन्सवर, म्हणजे मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीवर, पांढरा गोल होता. रात्री दिवे विझवून काफिला चालतो तेव्हा मागच्या चालकाला दिसावा म्हणून त्या गोलावर एक बारीक दिवा टाकलेला असतो. तो गोल आबांनी पुसू दिला नाही. हिरवा रंग मात्र ठेवता आला नाही, कारण ऑलिव्ह हिरवा रंग संरक्षण खात्याखेरीज कोणाच्याही वाहनाला देण्यास नियमाने मनाई आहे. आबा त्या दिवशी फारसे बोलले नाहीत. रंगाऱ्याकडे पिवळ्याचे डबे जास्त होते म्हणून पिवळा झाला.

इंजिनाबाबत घरात वाद झाला. आमच्या मिस्त्रींचे मत होते की हे इंजिन काढून टाटाचे बसवावे, म्हणजे सुटे भाग कोणत्याही तालुक्याला मिळतील. ‘‘हवालदारसाहेब, लायनरसाठी तुम्ही जबलपूरला जाणार का?’’ असे ते विचारत आणि त्यांचा मुद्दा खरा होता. आबांचे म्हणणे असे की मूळ इंजिन, गिअरबॉक्स आणि चार चाकांना ताकद वाटणारी पेटी ही एकमेकांच्या मापाने केलेली आहेत. एक बदलले की दुसरे तुटते, आणि इंजिन बदलाच्या परवानगीचे कागद पुन्हा वेगळे. शेवटी मूळ इंजिनच ठेवले. सहाही सिलिंडरचे लायनर-पिस्टन, डिझेल पंपाचे काम, नोझल, क्लच प्लेट, ब्रेकचे सर्व रबर आणि पायपा नवीन केल्या. भागांसाठी आबा जबलपूरला नव्हे, पण पश्चिम बंगालमधील पानागढला जाऊन आले. तेथे लष्करी डेपोमुळे महामार्गाच्या कडेने निकाली वाहनांचा व त्यांच्या सुट्या भागांचा मोठा बाजार वसलेला आहे. लष्करातली हिंदी आणि हातातला जुना नमुना एवढ्यावर त्यांनी दोन पोती भाग आणले व रेल्वेच्या पार्सलने पाठवले. त्यांतील काही अजून शिल्लक आहेत. ट्रकच्या किमतीच्या जवळजवळ दुप्पट रक्कम दुरुस्तीला गेली. त्यासाठी आईचे दागिने गहाण होते, ते तीन वर्षांनी सुटले.

मागे क्रेनची घोडी, म्हणजे वजन उचलणारा लोखंडी सांगाडा, बसवली ती आमच्याच वेल्डरने, जाड चॅनेल जोडून, आणि दोर गुंडाळून ओढणारे विंच जुन्या बाजारातून घेतले. पहिल्या चाचणीला जांभ्याच्या चिऱ्यांनी भरलेली ट्रॉली उचलली तेव्हा ट्रॉली जमिनीवरच राहिली आणि आमच्या ट्रकची पुढची चाके वीतभर वर आली. मागे वजन लटकले की पुढचा भाग हलका होतो आणि स्टिअरिंगला काही अर्थ उरत नाही, हे सर्वांना माहीत असूनही हिशेब कोणी केला नव्हता. पुढच्या बंपरवर लोखंडी रुळाचे तुकडे बसवून तोल साधला. पण त्याहून महत्त्वाचे, आबांनी कामाची रीतच ठरवून टाकली. उचलायचे कमीत कमी, ओढायचे जास्त. दोर सरळ न बांधता कप्पीतून फिरवून घेतला की ओढ जवळजवळ दुप्पट होते आणि वेग निम्मा होतो, आणि घाटात वेग कमी असणे हीच सोय आहे. ताणलेल्या दोराच्या रेषेत कोणी उभे राहायचे नाही, हा नियम मोडणाऱ्याला आम्ही त्याच दिवशी घरी पाठवतो.

2003 च्या पावसाळ्यापासून कामे येऊ लागली. साखरेची पोती, लोटे-परशुरामच्या कारखान्यांचे टँकर, चिऱ्यांचे ट्रक, कधी एस.टी. टँकरच्या कामाला सर्वांत जास्त वेळ लागतो, कारण आत काय आहे ते कळेपर्यंत आणि अग्निशमन दल येईपर्यंत साखळीलाही हात लावायचा नसतो. लोखंडावर लोखंड घासून ठिणगी पडली तर पुढचे सांगायला नको. अशा वेळी रस्ता अडलेले लोक आम्हालाच शिव्या देतात. दराबद्दलही लोकांचा राग असतो, आणि तो सगळाच चुकीचा नाही. आमच्या धंद्यात अडलेल्या माणसाला लुटणारे आहेत. म्हणून 2008 पासून आम्ही अंतर, वजन व वेळ यांवरचे दरपत्रक केबिनच्या दारावर रंगवले आहे. त्यामुळे काही कामे गेली. पुढे कर्ज काढून दोन नव्या हायड्रॉलिक क्रेन घेतल्या, आणि शक्तिमान क्वचितच बाहेर पडू लागला. 2019 साली मी तो विकायचे ठरवलेही होते.

22 जुलै 2021 रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले तेव्हा आमची एक नवीन क्रेन शहरातील एका गॅरेजमध्ये होती. ती केबिनपर्यंत बुडाली आणि तिच्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेचे काम पुढे सहा आठवडे चालले. शक्तिमान पाण्यात घाला, असे अनेकांनी फोन करून विनवले. आबांनी नकार दिला. वाहत्या पाण्यात ट्रक तरंगायला लागतो आणि मग चारही चाके ओढणारी असून उपयोग नाही, हे ते पुन्हा पुन्हा सांगत होते. मला त्या दिवशी ते कठोर वाटले, आज वाटत नाही. दुसऱ्या दिवशी पाणी उतरू लागल्यावर ट्रक निघाला. त्यानंतर जवळजवळ महिनाभर तो रोज चिखलातून रिक्षा, कार, टेम्पो, दुकानांचे फ्रीजर आणि एकदा एक पूर्ण पिठाची गिरणी ओढत होता. रोज संध्याकाळी आम्ही दोन्ही डिफरन्सचे तेल थेंबभर काढून पाहत असू. ते दुधासारखे झाले की आत पाणी गेले, असे समजून त्याच रात्री बदलायचे. त्या महिन्यात तेल चार वेळा बदलले. पूरग्रस्तांकडून आम्ही डिझेलपुरतेच पैसे घेतले, पण तेलाचा खर्च धरायचा राहिला, हे माझ्या वर्षअखेरीस हिशेब करताना लक्षात आले.

दुसरा लष्करी ट्रक घ्यावा असे त्यानंतर मनात आले आणि स्टॅलियनची चौकशीही केली. परंतु 1 एप्रिल 2023 पासून 15 वर्षांपुढील सरकारी वाहनांची नोंदणी संपते आणि ती नोंदणीकृत भंगार केंद्रांतच जातात. मोहिमांसाठीची लष्कराची चिलखती व विशेष वाहने त्याला अपवाद आहेत. म्हणजे आबांनी 2002 साली केला तसा व्यवहार आता सहज होण्यासारखा राहिलेला नाही. आहे तो ट्रकच सांभाळायचा आहे. त्याचे पासिंग, म्हणजे रस्त्यावर चालवण्यास योग्य असल्याची तपासणी, दर वर्षी करावे लागते आणि जुन्या अवजड वाहनांचे शुल्कही वाढले आहे, तरी गेल्या तीन वर्षांत त्याने ते शुल्क भरून काढले.

यंदाचे पासिंग पुढच्या पंधरवड्यात आहे. मागच्या डाव्या चाकाचा ब्रेक थोडा उशिरा धरतो, हे आबांनी आवारात नुसत्या आवाजावरून ओळखले. चाक उतरवून पाहिले तर रबर फुगले होते. पानागढच्या पोत्यात त्या मापाचे रबर मिळाले, पण वीस वर्षांत तेही कडक झाले आहे, म्हणून पुण्याला नवीन करायला दिले आहे. ते सोमवारच्या एस.टी.ने येईल.