बत्तीसचा फरक

गाजरगवतातून पार्थेनिन, म्हणजे त्यातलं ॲलर्जीचं रसायन, काढणं तसं सोपं काम, खाज सहन होत असेल तर. सूर्यफूल-झेंडूच्या कुळातलं हे तण नागपुरात नाल्याकाठी, रिकाम्या प्लॉटवर, कुठंही मिळतं. पानं सावलीत वाळवायची, पूड करायची, सॉक्सलेटला, म्हणजे गरम द्रावकानं अर्क काढणाऱ्या उपकरणाला लावायची, हेक्झेननं हिरवटपणा काढायचा आणि कॉलम टाकायचा, म्हणजे सिलिका भरलेल्या नळीतून अर्क सोडून त्यातली द्रव्यं वेगळी करायची.

खरा त्रास मे महिन्याचा. कॉलमचं द्रावक डायक्लोरोमिथेन 40 अंशांना उकळतं, आणि आमच्या लॅबमध्ये दुपारी तेवढं तापमान असतंच. भरलेल्या कॉलममध्ये बुडबुडे धरतात, सिलिकाला भेगा पडतात, पट्टे तिरपे उतरतात. कूलर लावावा तर त्याची ओल सिलिका पिते आणि कालचा स्पॉट आज टीएलसीवर (द्रव्यं ठिपक्यांत वेगळी दाखवणाऱ्या सिलिकाच्या पट्टीवर) भलताच वर पळतो. एसीची फाईल कुठल्या टेबलावर आहे हे विचारणं मी केव्हाच सोडलं. म्हणून कॉलम भल्या पहाटे, तोही हेक्झेन-इथाइल ॲसिटेटमध्ये.

अशाच एका कॉलममध्ये आमच्या पीएचडीच्या मुलाला पार्थेनिनच्या शेजारी आणखी एक स्पॉट स्वच्छ वेगळा मिळाला. बाहेर पाठवलेला एनएमआर (रेणूतले हायड्रोजन कुठं आहेत ते शिखरांनी दाखवणारा आलेख) आला त्या दिवशी तो धावतच आला. "मॅडम, हे तर नवीनच निघून राहिलं ना!"

स्पेक्ट्रम टेबलावर पसरला. 7.5 जवळचा डबलेट, म्हणजे दुभंगलेलं शिखर, जागेवर होता, म्हणजे पाच कार्बनांच्या कड्यातला दुहेरी बंध शाबूत. पण 5.6 आणि 6.3 च्या शिखरांची जोडी गायब. ती जोडी लॅक्टोनवरच्या, म्हणजे रेणूतल्या ऑक्सिजनवाल्या कड्यावरच्या, उघड्या मिथिलीनची (CH₂ गटाची). गाजरगवताची ॲलर्जी होते ती मुख्यतः त्याच्यामुळेच, कारण ते त्वचेतल्या प्रथिनांच्या सल्फरला जाऊन चिकटतं. त्याऐवजी 3.3 ला तीन प्रोटॉनांचा टोकदार सिंग्लेट, म्हणजे एकेरी शिखर, उभा.

"मास किती?"

"294."

पार्थेनिनचा रेणूभार 262. फरक 32.

"सॉक्सलेटमध्ये काय घातलं होतंस?"

तो गप्प झाला. मिथेनॉल. त्याचा रेणूभारही 32. रात्रभर गरम मिथेनॉल त्या मिथिलीनवर चढला असणार. झाडानं नव्हे, आमच्या फ्लास्कनं बनवलेला रेणू.

संशयावर थांबायचं नव्हतं. त्याच पिशवीतली उरलेली पूड थंड इथाइल ॲसिटेटमध्ये भिजवली. ताजी पानं क्लोरोफॉर्ममध्ये नुसती बुचकळून काढली, कारण पार्थेनिन पानावरच्या बारीक केसांतच साठलेलं असतं. मुद्दाम क्लोरोफॉर्मची बाटली तपासली. त्यात टिकाऊपणासाठी इथेनॉल घातलेलं असतं आणि तेही असाच घोळ घालू शकतं. दोन्ही अर्कांत पार्थेनिन ठसठशीत. दुसरा स्पॉट नाही.

त्याच्या गाईडना हे सांगितलं. ते म्हणाले, "रिव्ह्यूअर काय गाजरगवत धुवून बघणार आहे का?" माणूस वाईट नाही. पेपर मोजून बढती देणाऱ्या व्यवस्थेत माणूस असंच बोलायला शिकतो. शेवटी थीसिसमध्ये तो रेणू आर्टिफॅक्ट, म्हणजे प्रयोगातच तयार झालेला, म्हणूनच जाणार असं ठरलं. मुलानंच तसा हट्ट धरला, याचं मला बरं वाटलं.

पण जाताना त्यानं विचारलं, "मॅडम, आधी छापून आलेल्यांत असे किती असतील?" या कुळातल्या मिथॉक्सी (मिथेनॉलचा तुकडा जोडलेल्या) लॅक्टोनवरचे जुने पेपर आता पुन्हा काढलेत. रचना नंतर बघते. आधी अर्क कशात काढला तो परिच्छेद.