साखर नाही, फॉस्फेट नाही, तरी डीएनएला धरतं कसं?

पीएनए हा डीएनएचेच बेस (ए, टी, जी, सी ही अक्षरं) निराळ्या कण्यावर बसवलेला कृत्रिम रेणू. तो शिकवताना किंवा वापरताना एक प्रश्न हमखास येतो: ज्या रेणूत डीएनएची साखरही नाही आणि फॉस्फेटही नाही, तो डीएनएला चिकटतोच कसा? आणि चिकटल्यावर ती जोडी दिसते कशी? दुसरा भाग बरेच जण जाता जाता विचारतात, पण खरी गंमत तिथेच आहे. तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पीएनए म्हणजे पेप्टाइड न्यूक्लिइक ॲसिड. नाव फसवं आहे. त्याच्या कण्यात नेहमीची अमिनो आम्लं ओळीने नसतात, आणि फॉस्फेट नसल्यामुळे ते ॲसिडही नाही. १९९१ साली कोपनहेगनमध्ये पीटर नील्सन, मायकेल एगहोम, रोल्फ बर्ग आणि ओले बुखार्ट यांनी ते जगासमोर आणलं. त्यांना हवा होता डीएनएच्या अखंड गोफाच्या रुंद खाचेत बसणारा तिसरा धागा. पण दहा थायमिनांचा (टी) पीएनए खाचेत बसलाच नाही. त्याने एका धाग्याला बाजूला सारलं आणि ॲडेनिनच्या (ए) धाग्याला स्वतःच कवटाळलं. हिशेब चुकला, पण हाती आलं ते जास्त कामाचं होतं.

आता कणा पाहू. पीएनएचा एकेक घटक अमिनोएथिल-ग्लायसीनचा. एका घटकापासून पुढच्या घटकापर्यंत सहा बंध, डीएनएतही सहाच. कण्यापासून बेसपर्यंत तीन बंध, तेही डीएनएसारखेच. म्हणजे मण्यांमधलं अंतर जुळतं, फक्त माळेचा दोरा निराळा. शिवाय या दोऱ्यावर विद्युतभार नाही. डीएनएचे दोन धागे दोन्हीकडच्या ऋणभारामुळे एकमेकांना ढकलत असतात, म्हणून त्यांना मीठ लागतं. पीएनए-डीएनए जोडीत ही ढकलाढकली उरत नाही. मीठ वाढवलं तर डीएनए-डीएनए जोडी घट्ट होते, पीएनए-डीएनए जोडी मात्र थोडी सैलच पडते.

आकडेच पाहायचे तर या क्षेत्रात सर्वांच्या ओळखीचा दहा बेसचा पीएनए घ्या: अमिनो टोकापासून जी-टी-ए-जी-ए-टी-सी-ए-सी-टी. १०० मिलिमोलर मिठाच्या आणि पीएच ७च्या बफरमध्ये याच क्रमाची साधी डीएनए-डीएनए जोडी सुमारे ३३-३४ अंश सेल्सियसला सुटते. पीएनए-डीएनए जोडी ५१ अंशांपर्यंत टिकते. मात्र हे ५१ दिशा नीट ठेवली तरच. धाग्याची दोन टोकं वेगळी असतात: पीएनएत अमिनो आणि कार्बॉक्सी, डीएनएत ५′ आणि ३′. पीएनएचं अमिनो टोक डीएनएच्या ३′ टोकासमोर यायला हवं. उलट दिशेने जुळवलात तरी जोडी जमते, पण ३८ अंशांवर सुटते. पीएनएची ऑर्डर देताना सर्वांत जास्त चुका इथेच होतात. लिहिताना अमिनो टोक म्हणजे ५′ टोक समजायचं, हे एकदा कागदावर बाण काढून पक्कं करा.

आता आकार. दुहेरी गोफाची ए आणि बी अशी दोन ओळखीची रूपं आहेत. नेहमीच्या बी-रूपातल्या डीएनएत एका फेऱ्यात साधारण साडेदहा बेसजोड्या असतात, ए-रूपात अकरा. पीएनए कोणाशी जोडलं आहे यावर पीळ बदलत जातो, आणि तोही एका ठरावीक क्रमाने. आरएनएशी जोडलेलं पीएनए ए-रूपाच्या जवळ राहतं. एनएमआरने (चुंबकीय क्षेत्रात अणूंचे सिग्नल टिपून रचना पाहण्याची पद्धत) पाहिलेल्या पीएनए-डीएनए जोडीत फेऱ्याला सुमारे तेरा जोड्या भरतात, आणि तिच्यात ए आणि बी दोन्ही रूपांच्या खुणा सापडतात. दोन पीएनए आणि एक डीएनए अशा तिहेरी गोफाची क्रिस्टल रचना १९९५ साली आली, तिच्यात फेऱ्याला सोळा. आणि १९९७ साली आलेल्या नुसत्या पीएनए-पीएनए जोडीत अठरा. जोडीत पीएनएचा वाटा जितका जास्त, तितका गोफ रुंद आणि पीळ सैल. रुंद, सैल पिळाच्या या घडणीला पी-रूप म्हणतात.

तो तिहेरी गोफ एकदा वरून पाहा. बी-डीएनएच्या मधोमध बेसच बेस दिसतात. इथे बेस अक्षापासून सुमारे ७ अँगस्ट्रॉम (०.७ नॅनोमीटर) बाहेर सरकलेले असतात, त्यामुळे मधे बांगडीसारखी आरपार पोकळी दिसते. दोन पीएनएंपैकी एक नेहमीच्या वॉटसन-क्रिक पद्धतीने जोडलेलं असतं, दुसरं हूगस्टीन पद्धतीने, म्हणजे आधीच जोडीत असलेल्या बेसच्या मोकळ्या कडेला. या दुसऱ्याच्या कण्यातले अमाइडचे हायड्रोजन थेट डीएनएच्या फॉस्फेटच्या ऑक्सिजनला धरतात. फॉस्फेट नसलेला धागा समोरच्याच्या फॉस्फेटला पकडून बसतो, हे चित्र मला फार आवडतं. इथे एक व्यवहाराची गोष्ट: हूगस्टीन बाजूच्या सायटोसिनला प्रोटॉन लागतो, त्यामुळे पीएच ७ला ती बाजू ढिली पडते. त्या जागी स्यूडोआयसोसायटोसिन (प्रोटॉनशिवाय तीच जोडी जमवणारा सायटोसिनचा बदललेला भाऊ) घातलं की पीएचची कटकट मिटते.

एकट्या पीएनएला मात्र असा ठाम आकार नसतो. बेसला कण्याशी जोडणारा अमाइड दोन प्रकारे वळू शकतो. जोडीत त्याचा कार्बोनिल ऑक्सिजन कार्बॉक्सी टोकाकडे तोंड करून स्थिरावतो, पण मोकळ्या साखळीत दोन्ही प्रकार सुखाने नांदतात. म्हणूनच मोकळ्या पीएनएच्या एनएमआरमध्ये एकाच प्रोटॉनचे कैक सिग्नल दिसतात आणि नवखा माणूस नमुना अशुद्ध आहे असं समजून पुन्हा एचपीएलसीने शुद्ध करायला धावतो. आधी मास स्पेक्ट्रम (रेणूचं वस्तुमान दाखवणारा आलेख) पाहा. तो एकच आणि बरोबर असेल तर नमुना ठीक आहे.

हा सैलपणा आधीच कमी केला तर जोडी आणखी घट्ट होते. कण्याच्या गॅमा जागी (एका ठरावीक कार्बनवर) योग्य बाजूने एक मेथिल गट बसवला की एकटा धागाही उजव्या पिळाचा होतो. अशा गॅमा-पीएनए आणि डीएनएच्या २०१०च्या क्रिस्टल रचनेत फेऱ्याला पंधरा जोड्या मोजल्या गेल्या. पुण्यात, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, कृष्णा गणेश आणि वैजयंती कुमार यांनी दुसरी वाट धरली. त्यांनी कण्याचा दोन कार्बनांचा एथिलीन तुकडा पाच किंवा सहा कार्बनांच्या कड्यात अडकवला. त्या तुकड्यातल्या बंधाभोवतीचा पिळाचा कोन (गोफाचा पीळ नव्हे) आरएनएशी जोडताना साधारण ६५ अंश असतो, डीएनएच्या तिहेरी गोफात १४०च्या आसपास. सिस-सायक्लोहेक्झिल (सहा कार्बनांचं) कडं ताठ असतं आणि कोन ६०-६५च्या जवळ धरून ठेवतं, म्हणून तो पीएनए आरएनएची बाजू घेतो. सायक्लोपेंटिल (पाच कार्बनांचं) कडं जास्त लवचीक, त्याला दोन्ही चालतात. कोनाकडे पाहून साथीदार कोण हे सांगता येतं, यापेक्षा नेटकं रचनाशास्त्र मला तरी ठाऊक नाही.

जोडी प्रत्यक्ष करायची तर १० मिलिमोलर फॉस्फेट, पीएच ७, दोन्ही धागे समप्रमाणात. पण पीएनएचं प्रमाण थंड द्रावणात मोजू नका. मोकळ्या धाग्यातही बेस एकमेकांवर रचले जातात, त्यामुळे २६० नॅनोमीटरला प्रकाशाचं शोषण कमी दिसतं आणि तुम्ही नकळत जास्त पीएनए ओतता. ८० अंशांना मोजा, मग जोडी ९० अंशांवर पाच मिनिटं ठेवून हळूहळू गार होऊ द्या. प्युरीन (ए आणि जी) जास्त असलेले, विशेषतः लागोपाठ ग्वानिनचे पीएनए गुठळ्या करतात. टोकाला एक-दोन लायसीन (धनभार असलेलं अमिनो आम्ल) जोडले की विरघळणं सुधारतं. पातळ द्रावण काचेला चिकटून गायब होतं, म्हणून कमी चिकटणाऱ्या प्लास्टिकच्या नळ्या वापरा. अखंड दुहेरी डीएनएत घुसवायचं असेल तर मीठ कमी ठेवा, ५० मिलिमोलरच्या वर घुसणं फार मंदावतं. मात्र एकदा आत बसलेला तिहेरी गोफ नंतर मीठ वाढवलं तरी सहजी सुटत नाही. म्हणून आधी जोडा, मीठ मागाहून घाला.