पेशंट रडायला लागला की काय बोलायचं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. नर्सिंगच्या विद्यार्थिनी पहिल्याच पोस्टिंगला हे विचारतात, आणि मुरलेल्या सिस्टरही अधूनमधून विचारतात: पेशंट रडायला लागला, तडतड करायला लागला किंवा ‘आता जगून काय करू’ म्हणाला, तर त्याच्याशी काय बोलायचं?

बोलण्याच्या आधी तपासा. अस्वस्थ माणूस मनानेच अस्वस्थ असतो असं नाही. ऑक्सिजन किती आहे, साखर ७० च्या खाली गेली आहे का, कॅथेटर (लघवीची नळी) तुंबून ओटीपोट फुगलंय का, वेदनेचं औषध द्यायचं राहिलंय का, हे दोन मिनिटांत कळतं. रोज दारू पिणारा पेशंट ऍडमिट झाल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी थरथरायला लागला, घामाघूम झाला, भिंतीवर काहीबाही दिसतंय म्हणाला, तर समजूत घालत बसू नका, डॉक्टरांना बोलवा. तिथे गोड बोलण्यात गेलेला वेळ जिवावर बेततो.

शरीराचं कारण नाही अशी खात्री झाली, की मग बोलणं. आणि इथे सगळ्यांच्या तोंडून आपसूक निघतं ते वाक्य: ‘काळजी करू नका, सगळं ठीक होईल.’ माझ्या मते वॉर्डातलं सर्वांत निरुपयोगी वाक्य हेच. त्याने सुटका होते ती आपली. पेशंटला एवढंच कळतं की सिस्टरला पुढचं ऐकायचं नाही.

समजा, मधुमेहाने पाय सडलेले एक काका आहेत. उद्या ऑपरेशन. ते म्हणतात, ‘पाय काढणार म्हणे. त्यापेक्षा मेलेलं बरं.’ ‘असं बोलू नये काका, डॉक्टर चांगले आहेत’ म्हटलं की काका भिंतीकडे तोंड करून झोपतात. त्याऐवजी पडदा ओढा, स्टूल घ्या, त्यांच्या डोळ्यांच्या पातळीला बसा. समोरासमोर नको, जरा तिरकं. हातात इंजेक्शनचा ट्रे नको. मग एवढंच म्हणा, ‘उद्याचं फार मनावर घेतलंय तुम्ही.’ आणि गप्प राहा. मनात दहापर्यंत मोजा. नवीन मुलींना हे दहा आकडे फार जड जातात, चारलाच त्या काहीतरी बोलून मोकळ्या होतात. पण पुष्कळदा खरी गोष्ट त्यानंतरच बाहेर येते: ‘गुडघ्याखालून काढणार की वरून, तेही कुणी सांगेना. पेरणी कोण करणार?’

आता हाताशी दोन गोष्टी आल्या. पहिलीचं उत्तर मिळवता येतं: ‘डॉक्टर सहाच्या राउंडला येतील, तेव्हा विचारू. मी तिथे उभी असेन.’ वेळ सांगितली तर पाळायचीच. नसेल जमणार, तर सांगू नका. पेरणीचं उत्तर आपल्याकडे नसतं. ते ऐकून घ्यायचं, आणि वॉर्डाला समाजसेवा अधीक्षक असतील तर त्यांच्यापर्यंत पोचवायचं.

पण ‘मेलेलं बरं’ हे शब्द सोडून द्यायचे नाहीत. सरळ विचारा: ‘काका, मघाशी तुम्ही म्हणालात त्यावरून विचारते, जीव द्यावा असं मनात येतं का?’ विचारल्याने डोक्यात नसलेला विचार शिरतो ही भीती खोटी आहे. बहुतेकांना कुणीतरी विचारलं याचंच हायसं वाटतं. ‘हो’ म्हणाले, तर काही ठरवलंय का तेही विचारा. त्यानंतर पेशंटला एकटं सोडायचं नाही, डॉक्टरांना लगेच कळवायचं, उशाची औषधं, ब्लेड, चाकू उचलायचे, पलंग ड्युटी टेबलाच्या नजरेत आणायचा. ‘कुणाला सांगू नका’ असं ते म्हणाले, तर तसं वचन देऊ नका. ‘तुमच्या जिवाचा प्रश्न आहे, म्हणून डॉक्टरांना सांगावं लागेल, इतरांना नाही,’ हे आधीच स्पष्ट करा.

विष घेऊन आलेल्या पेशंटला तर बोलणी बसतात. ‘पोराबाळांचा तरी विचार करायचा!’ यातून फक्त लाज वाढते, आणि लाजलेला माणूस पुढच्या वेळी काही सांगत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम ११५ सांगतं की, उलट सिद्ध होईपर्यंत असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं. मेडिको-लीगलचे, म्हणजे पोलिसांना कळवण्याचे कागद डॉक्टर करतील. आपण उलटतपासणी घ्यायची नाही. ‘असं का केलंत?’ यापेक्षा ‘त्या दिवशी काय झालं होतं?’ हे बोलायला सोपं जातं. नातेवाइकांना मात्र थोडा वेळ बाहेर चहाला पाठवा. सासूसमोर सून काय बोलणार?

हे सगळं करायला वेळ कुठे, हा पुढचा प्रश्न असतोच. रात्रपाळीला अख्ख्या वॉर्डाला एकच सिस्टर असते, तक्रार रास्त आहे. पण पाच मिनिटंच असतील तर ‘माझ्याकडे पाच मिनिटं आहेत, बसते’ असं सांगून बसा. उभ्याने, एक पाय दाराकडे ठेवून घालवलेल्या पंधरा मिनिटांपेक्षा ती जास्त कामाची.

शेवटी नोंद. रिपोर्टमध्ये ‘पेशंट डिप्रेस्ड आहे’ लिहून काही कळत नाही. पेशंटचे शब्द जसेच्या तसे लिहा, वेळ घाला, कुणाला कळवलं ते घाला: ‘रात्री ९.४०, “त्यापेक्षा मेलेलं बरं” असं म्हणाले, ऑनकॉल डॉक्टरांना कळवलं.’ पाळी बदलताना, हँडओव्हरला, ते पलंगापाशी मोठ्याने वाचू नका, शेजारचे सगळे ऐकत असतात. डिस्चार्जच्या वेळी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर केसपेपरवर लिहून द्या. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं.