हाजरा श्रावणात, कचारगड माघात

गोंदिया जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, सालेकसा तालुक्यात, हाजराफॉलचा धबधबा आणि कचारगडची गुहा ही दोन ठिकाणे एकमेकांच्या इतकी जवळ आहेत की बाहेरगावाहून येणारा जवळजवळ प्रत्येक जण ती एकाच दिवसात पाहून घेण्याचा बेत आखतो. सकाळी धबधबा, दुपारी गुहा आणि दिवेलागणीच्या आत परतीची गाडी, असा तो बेत असतो. मी आमगावकडच्या एका खेड्यात शिक्षक आहे, आणि घरी आलेल्या पाहुण्यांना मीही कित्येक वर्षे हाच बेत सुचवत होतो. आता सुचवत नाही. धबधबा पाहायचा तर श्रावणात यावे आणि गुहा पाहायची तर माघात यावे, दोन्हींसाठी दोन वेगळे दिवस ठेवावेत, असे मी आता आग्रहाने सांगतो, आणि त्यामागे एका ऑगस्टमधली दुपार आहे.

त्या दुपारकडे येण्याआधी हाजराविषयी थोडे लिहितो, कारण हे ठिकाण मला मनापासून प्रिय आहे. गोंदियाहून डोंगरगडकडे जाणारी पॅसेंजर गाडी आमगाव आणि सालेकसा मागे टाकून दरेकशाकडे निघाली की दोन्ही बाजूंची धानाची शेते हळूहळू आखडत जातात आणि डोंगर रुळांच्या जवळ येऊ लागतात. मुंबई-हावडा हा मोठा लोहमार्ग याच डोंगरांतून बोगद्याने छत्तीसगडकडे जातो आणि धबधबाही त्याच मार्गाच्या जवळ आहे. त्यामुळे पाण्याच्या आवाजात मधूनच मालगाडीची धडधड मिसळते. रोवणीच्या दिवसांत या गाडीच्या खिडकीतून दिसणारे दृश्य मला धबधब्याइतकेच आवडते. पऱ्ह्यांच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या, जुड्या बांध्यांमध्ये टाकलेल्या असतात, गुडघाभर चिखलात बायकांची रांग वाकलेली असते आणि प्रत्येक बांधीत आभाळाचा एक तुकडा उतरलेला असतो. पूर्व विदर्भातला पाऊस पश्चिमेच्या मानाने बराच जास्त आहे. बुलढाण्याच्या बाजूला वर्षाकाठी 700 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर आमच्याकडे 1200 च्या आसपास पडतो, आणि त्यातला बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच येऊन जातो. धानाचे पीक आणि धबधबा हे दोघेही याच चार महिन्यांवर जगतात.

हाजराला कोणत्या दिवशी जावे, हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. पाऊस कोसळत असताना जाऊ नये आणि पाऊस थांबून आठवडा उलटल्यावरही जाऊ नये, असे माझे उत्तर असते. डोंगरातल्या लहान नाल्याचे पाणलोट क्षेत्र छोटे असते, उतार तीव्र असतो आणि वरचा खडक पाणी फारसे मुरू देत नाही. म्हणून जोराचा पाऊस झाला की काही तासांतच पाणी भरून येते, गढूळ होते आणि आपल्याबरोबर दगड, फांद्या, पालापाचोळा घेऊन येते. पाऊस उघडल्यावर एक-दोन दिवसांत गढूळपणा जातो, जंगलाच्या मातीत साठलेले पाणी सावकाश झिरपत राहते आणि धार पांढरी, भरघोस, तरीही शांत होते. धबधबा पाहण्याचे खरे दिवस हेच असतात. उघडीप लांबली की धार रोडावते आणि कड्याचा काळपट दगड पुन्हा डोके वर काढतो. धबधब्याखालच्या डोहात उतरण्याचा मोह मात्र कोणत्याही दिवशी टाळावा. वरून पडणाऱ्या पाण्याने डोहाचा तळ कुठे किती कोरला आहे हे काठावरून कळत नाही आणि शेवाळलेल्या खडकावर पोहणाऱ्याचाही पाय टिकत नाही.

आता ती दुपार. काही वर्षांपूर्वी, ऑगस्टच्या दुसऱ्या पंधरवड्यात, आम्ही चौघे शिक्षक सकाळी हाजराला गेलो. आदल्या दिवशी पाऊस उघडला होता, धबधबा अगदी मनासारखा होता आणि अकरा वाजेपर्यंत आमचे पाहून झाले. तांदळाची भाकर आणि लाखोळीच्या डाळीचे वडे खाऊन आम्ही धनेगावला पोहोचलो. कचारगडच्या गुहेकडे जाणारी वाट या गावाकडून निघते. गावातले एक वयस्क गोंड गृहस्थ वाट दाखवायला आमच्याबरोबर आले. त्यांना आम्ही मामा म्हणत होतो. जाताना ओलांडलेल्या नाल्यात घोट्याएवढे पाणी होते. गुहेच्या बाजूला आभाळ स्वच्छ होते, मात्र पूर्वेकडच्या डोंगरावर काळे ढग टेकलेले मला दिसले होते, आणि मी त्यांच्याकडे दुर्लक्ष केले. परत निघालो तेव्हा आमच्या अंगावर पावसाचा एक थेंबही पडलेला नव्हता. तरीही नाल्याकाठी येताच मामांनी हात आडवा केला.

पाणी वाढलेले आहे असे मला वाटलेच नाही. मामांनी पाण्याकडे बोट दाखवले तेव्हा लक्षात आले की जाताना ज्याच्या तळाचे गोटे मोजता येत होते ते पाणी आता चहासारखे तपकिरी झाले होते आणि त्यावरून सुकी पाने, काटक्या आणि फेस वाहत येत होता. "गुरुजी, वर पानी पडला. आता हा नाला आयकत नाही," एवढेच ते म्हणाले आणि एका उंच खडकावर जाऊन बसले. आमच्यापैकी एकाने, अजून गुडघ्याच्या खालीच तर पाणी आहे, पटकन ओलांडून जाऊ, असा आग्रह धरला. मामांनी त्याला उत्तर दिले नाही, नुसती मान हलवली. दहा-पंधरा मिनिटांत पाणी कमरेच्या वर गेले आणि जिथे आम्ही उभे होतो ती वाळू दिसेनाशी झाली. पाणी ओसरेपर्यंत आम्ही दोन तासांहून अधिक काळ त्या खडकावर बसून होतो आणि अंधार पडल्यावर विजेरीच्या उजेडात धनेगावला उतरलो. मामा नसते तर आम्ही नाल्यात उतरलो असतो, हे मला पक्के ठाऊक आहे. पाण्याचा रंग बदलणे आणि पाचोळा वाहत येणे ही पूर येत असल्याची पहिली खूण असते. पाण्याची उंची त्यानंतर वाढते. ही गोष्ट मी आता दर वर्षी वर्गात मुलांना शिकवतो.

त्या खडकावर बसल्या बसल्या मी मामांना विचारले की मग गुहेला यायचे तरी केव्हा. त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की जणू उत्तर साऱ्या पंचक्रोशीला ठाऊक आहे. "माघात. देव तेव्हाच बोलावते."

कचारगडची यात्रा माघ पौर्णिमेला भरते. गोंड समाजाच्या दृष्टीने हे उगमस्थान आहे. महाराष्ट्राबरोबरच मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा आणि इतर राज्यांतूनही लोक येथे येतात. काली कंकालीची 33 मुले या गुहेत कोंडली गेली होती, पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड यांनी त्यांना सोडवले आणि पुढे लिंगोने त्यांना कोया पुनेमाची, म्हणजे गोंड धर्माची, शिकवण दिली, अशी कथा आहे. हिरासुका पाटालीर या वादकाने किंगरी हे तंतुवाद्य वाजवले, त्याच्या सुरांनी आतल्या मुलांच्या अंगी बळ आले, दाराचा दगड हलला, आणि त्याच दगडाखाली सापडून तो वादक गेला, हा कथेचा भाग मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. ही कथा ऐकल्यावर गुहेच्या तोंडाशी उभे राहणे आणि न ऐकता उभे राहणे यांत फार मोठे अंतर आहे. म्हणून माझी विनंती अशी की कचारगडला जाणाऱ्याने ती धनेगावच्या माणसाच्या तोंडून ऐकावी, 'जय सेवा' म्हणणाऱ्याला 'जय सेवा' म्हणून उत्तर द्यावे आणि मंदिरात जसे वागतो तसेच गुहेतही वागावे. कुणाच्या पुण्यभूमीच्या दगडावर चुन्याने स्वतःचे नाव लिहिणारे हात पाहिले की मला फार वाईट वाटते.

मामांचे उत्तर मी पुढे बराच काळ मनात घोळवत राहिलो, आणि मग लक्षात आले की हे एकट्या कचारगडचे नाही. अमरावती जिल्ह्यात मोर्शी तालुक्यात, मध्य प्रदेशच्या सीमेवर, सालबर्डीचे महादेवाचे भुयार आहे. तिथली यात्रा महाशिवरात्रीची. भंडारा जिल्ह्यातल्या गायमुखची यात्राही महाशिवरात्रीची. महाशिवरात्र म्हणजे माघ वद्य चतुर्दशी. म्हणजे विदर्भाच्या दोन टोकांना, वेगवेगळ्या समाजांनी, डोंगरातल्या आपापल्या देवस्थानांसाठी एकाच महिन्याचे दोन पंधरवडे धरले आहेत. यात श्रद्धेचा भाग आहेच, पण शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला त्यात आणखीही काही दिसते. माघापर्यंत धानाची कापणी आणि मळणी उरकलेली असते, घरात धान्य असते, बैल मोकळे असतात. मोहफुले वेचण्याचे दिवस अजून सुरू झालेले नसतात. नाल्यांचे पाणी उतरलेले असते, पण झरे पुरते आटलेले नसतात, त्यामुळे वाट कोरडी असूनही प्यायला पाणी मिळते. गवत पिवळे पडून आडवे झालेले असते आणि जमिनीवर काय आहे ते दिसते. ऊन अजून बोचत नाही. चालण्यासाठी वर्षातला यापेक्षा चांगला महिना आमच्या भागात नाही.

पुढच्या माघात मी पुन्हा गेलो. यात्रेची गर्दी ओसरल्यानंतर दोन दिवसांनी गेलो, त्यामुळे वाटेवर सप्तरंगी झेंडे अजून फडकत होते, मात्र माणसे थोडीच होती. ज्या नाल्याने आम्हाला अडवून ठेवले होते तो मी चप्पल हातातही न घेता ओलांडला. वाट साग, ऐन, तेंदू आणि बांबूच्या रानातून वर चढते, आणि शेवटच्या टप्प्यात दम लागतो. मग गुहेचे तोंड समोर येते. मोठे म्हणजे किती मोठे, हे छायाचित्रात कळत नाही. आत शेकडो माणसे सहज मावतील एवढी जागा आहे. बाहेरच्या उन्हातून आत पाऊल टाकल्यावर अंगाला जो गारवा लागतो तो मी दर खेपेला मुद्दाम थांबून अनुभवतो. ऑगस्टमध्ये आम्ही येथे जेमतेम वीस मिनिटे थांबलो होतो, तीही घड्याळाकडे पाहत. माघात मी दीड तास बसलो. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वेळ लागतो, आणि ती झाल्यावरच भिंतींचे रंग दिसू लागतात. कुठे गंजासारखा तांबूस, कुठे राखी, कुठे पार काळा. कच्चे लोखंड मिळणारा गड म्हणून कचारगड हे नाव पडले असे परिसरातले लोक सांगतात, आणि त्या तांबूस भिंतीसमोर बसल्यावर ते पटते.

येथला खडक ज्यांनी चिखलदरा पाहिला आहे त्यांना अनोळखी वाटेल. चिखलदरा, अकोला जिल्ह्यातले पातूर हा सगळा पश्चिमेकडचा मुलूख दख्खनच्या काळ्या बेसाल्टचा आहे. लाव्ह्याचे ते थर सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी एकावर एक साचले. त्यात कठीण थराखाली मऊ थर येतो, पाणी मऊ थर आधी खाते, वरचा कठीण थर छपरासारखा पुढे उरतो, आणि म्हणून तिकडच्या धबधब्यांच्या मागे बसण्याजोग्या कपारी तयार होतात. पातूरला याच खडकात माणसांनी छिन्नीने लेणी कोरली. आमच्याकडचा खडक त्याहून कितीतरी म्हातारा आहे. डोंगरगड-सालेकसा पट्ट्यातले खडक 200 कोटी वर्षांहून जुने आहेत आणि त्यांत पायऱ्यांसारखे सरळ आडवे थर दिसत नाहीत. कचारगडची गुहा माणसाने कोरलेली नाही, ती निसर्गानेच घडवलेली आहे. शेकोटीचा धूर, मशालींची काजळी आणि असंख्य पावलांनी गुळगुळीत झालेले दगड एवढीच माणसाची खूण तेथे आहे.

माघ सोडून फाल्गुन-चैत्रात जाणाऱ्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. मोहफुले पहाटे गळतात आणि ती खायला अस्वले पहाटेच येतात, त्यामुळे त्या दिवसांत ऊन वर आल्याशिवाय रानात शिरू नये. दुसरी गोष्ट आग्या माश्यांची. त्या कड्यांना आणि गुहांच्या छताला मोठाली मोहोळे लावतात. तेथे फटाके, धूर, उग्र अत्तर किंवा मोठा आरडाओरडा यांपैकी काहीही नको. वाट दाखवणारा माणूस मात्र बारा महिने बरोबर घ्यावा आणि त्याची मजुरी निघण्यापूर्वीच ठरवून घ्यावी. मामांनी त्या दिवशी आमच्यासाठी अंधार पडेपर्यंतचा वेळ घालवला आणि पैसे पुढे केल्यावर ठरल्यापेक्षा एक रुपयाही जास्त घेतला नाही.

यंदा सातवीच्या मुलांनी हाजराला नेण्याचा हट्ट धरला आहे. पोळ्याच्या आधीच्या रविवारी, शनिवारी पाऊस पडला नाही तर, सकाळच्या पॅसेंजरने निघायचे ठरले आहे. दुपारी कचारगडलाही जाऊ या, असे दोन-तीन मुले म्हणाली. त्यांना मी माघ पौर्णिमेची तारीख फळ्याच्या कोपऱ्यात लिहून दिली आहे, आणि ती कुणी पुसू नये म्हणून तिच्याभोवती त्यांनीच चौकट काढली आहे.